पेन्शन अडकली? एजंटला पैसे द्यायच्या आधी हे ऐका

"पेन्शन? अजून तीस वर्षं आहेत की!" असं म्हणून एपिसोड बंद करू नका. खरं तर ईपीएस-95 या पेन्शन योजनेत मी स्वतः नाहीच. सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेले आणि पगार 15,000 च्या वर, असे लोक त्यात घेत नाहीत. तरी मला ती जवळपास पाठ झालीय, मावशीमुळे.

काका एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. सहा वर्षं नोकरी झाली आणि हार्ट अटॅकने गेले. एक एजंट मावशीला म्हणाला, "दहा वर्षं भरली नाहीत, पेन्शन बसत नाही. पण आठ हजार द्या, बघतो काहीतरी." पेन्शन बसतच नाही, तर हा आठ हजारांत काय बघणार होता?

नियम असा आहे. दहा वर्षांची अट स्वतः सभासदाला म्हातारपणी पेन्शन घ्यायची असेल तर. नोकरीत असताना सभासद गेला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी बायकोला पेन्शन मिळते. महिन्याला किमान 1,000 रुपये. शिवाय दोन मुलांना, वयाच्या 25 व्या वर्षापर्यंत, वेगळी. रक्कम फार नाही हो, पण ती तिच्या हक्काची आहे. फॉर्म 10-डी भरायचा, त्याला फी नाही.

आमचं घोडं अडलं नावात. कंपनीने काकांचं नाव एक लिहिलेलं, आधारवर दुसरं. अशा वेळी नुसते हेलपाटे घालू नका, तक्रार लेखी करा. ईपीएफआयजीएमएस या पोर्टलवर मोबाईलवरून तक्रार टाकता येते, नंबर मिळतो, आणि उत्तरही लेखी येतं. नेमकं काय अडलंय ते आम्हाला त्या उत्तरातून कळलं. मग 27 तारीख! दर महिन्याच्या 27 ला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. कंपनीची सही असलेलं दुरुस्तीपत्र घेऊन मावशी तिथे गेली, अधिकाऱ्यांसमोर बसून बोलली. पेन्शन सुरू झाली, आणि काका गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची थकबाकीही आली. एजंटला चहासुद्धा पाजला नाही.

घरात कुणी केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालं असेल, तर त्यांच्यासाठी सीपेनग्राम्स हे वेगळं पोर्टल आहे.

एवढं करूनही हललं नाही तर? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बहुतेक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. 15100 वर फोन केला तरी चालतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात भारी वाटते, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असते.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. पीएफचा सभासद हा ग्राहक आहे, असं सुप्रीम कोर्टाने शिवकुमार जोशी खटल्यात म्हटलंय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, आणि राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते. फक्त मुदत दोन वर्षांची, म्हणून पोर्टलवरच्या उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा.