परदेशातील निरोप आणि गावाला दिलेले वचन

(बुलडाणा जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



घरातून निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हा केवळ शिष्टाचार नव्हे. निघणाऱ्याने मागे राहणाऱ्यांना दिलेले ते वचन असते. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या वचनाची खरी कसोटी गाव सोडताना लागत नाही. सत्र संपून तेथील विद्यापीठाचा निरोप घ्यावयाची वेळ येते, तेव्हा ती लागते.

ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा असतो. शरद ऋतूत वर्ग सुरू होतात, उन्हाळ्यात परीक्षा होतात आणि त्यानंतर प्रबंध सादर करावयाचा असतो. एवढ्या अल्प काळात ग्रंथालयातील एखादी जागा आपली होते, आणि एकाच स्वयंपाकघरात रांधणारे देशोदेशीचे सोबती घरच्यासारखे वाटू लागतात. मग एके दिवशी खोली रिकामी करावी लागते. भांडीकुंडी व गरम कपडे मागून येणाऱ्यांच्या स्वाधीन होतात. विमानाच्या वजनमर्यादेत कोणती पुस्तके बसवावयाची, हा प्रश्न पडतो. ज्याच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला असतो, त्याला हा निरोप अधिकच जड जातो. मोठ्या कष्टाने उघडलेले दार आपल्यामागे पुन्हा बंद तर होणार नाही ना, ही शंका त्याच्या मनात असते.

या अनुभवाचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. लोणार तालुक्यातील पिंपरी खंदारे हे श्री. राजू केंद्रे यांचे गाव. लोणारच्या उल्काविवरामुळे जगभरचे अभ्यासक या तालुक्यात येत असतात. केंद्रे यांनी येथून जगाकडे जाणारी वाट धरली. २०१७ मध्ये यवतमाळ येथे त्यांनी 'एकलव्य' हे कार्य उभे केले. २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडन विद्यापीठाच्या 'सोआस' या संस्थेत शिकावयास गेले. या शिष्यवृत्तीची एक अट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यार्थ्याने मायदेशी परतून किमान दोन वर्षे तेथे राहिले पाहिजे. म्हणजे निरोपाचा दिवस येथे प्रवेशाच्या दिवशीच ठरलेला असतो. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांना नामांकित संस्थांची व परदेशी विद्यापीठांची वाट दाखविणे हे 'एकलव्य'चे कार्य होय. स्वतः चाललेली वाट मागच्यांसाठी मोकळी ठेवली, तर घेतलेला निरोप वाया जात नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात असे दोन निरोप विशेष स्मरणीय आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी घेतली. ज्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी आश्रय दिला, त्यांना आनंदीबाई मावशी म्हणत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा निरोप घेऊन, आजारी अवस्थेत त्या मायदेशी निघाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील पद त्यांची वाट पाहत होते. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. पुढे त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या व न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना स्थान मिळाले. परक्या देशातील आप्तभाव किती खोल जाऊ शकतो, याची ही साक्ष आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९१७ मधील निरोप निराळा होता. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची अनुज्ञा मात्र त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली. ते सुखरूप पोहोचले. पण त्यांचे सामान व ग्रंथ घेऊन निघालेले दुसरे जहाज महायुद्धात बुडविले गेले. १९२० मध्ये स्वतःच्या वेतनातून केलेली बचत, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी तेथील डी.एस्सी. ही पदवी मिळविली. लंडनला म्हटलेला 'येतो' त्यांनी खरा केला.

परंतु या दोन प्रवासांच्या मधला काळ विसरता येणार नाही. परदेशात उच्च विद्या संपादन केलेल्या या विद्वानास बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही; पारशी धर्मशाळेत घेतलेला आसराही जातीमुळे सोडावा लागला. विद्यार्थी वचन पाळून परत येतो. त्याला ठाव देणे हे समाजाचे काम असते, आणि ते त्या वेळी झाले नाही.

आज राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. तीत शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता आणि जाण्यायेण्याचे विमानभाडे यांची तरतूद असते. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास प्रवर्ग व आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही शासनाच्या अशा योजना आहेत. मात्र जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला व पारपत्र ही कागदपत्रे वेळेवर हाती नसली, तर गुणवान विद्यार्थ्याची संधी हुकते. शिक्षकांनी या योजना शाळेतच मुलामुलींच्या कानी घालाव्यात, आणि दाखले देणाऱ्या कचेऱ्यांनी अशा अर्जांना विलंब होऊ देऊ नये.

परतलेल्या विद्यार्थ्याचे स्वागत हार-नारळावर संपू नये. ग्रामसभेत त्याचे म्हणणे ऐकले जावे. पाणी, शेती, आरोग्य वा लेखा यांपैकी जे तो शिकला असेल, त्याचा पंचायतीच्या कामात उपयोग करून घ्यावा, आणि गावच्या शाळेत त्याला मुलांशी बोलू द्यावे. तेथील ग्रंथालयात त्याने सोडलेली जागा दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याला मिळते. गावातील जागा मात्र त्याच्यासाठी कोणी तरी राखून ठेवावी लागते, आणि ते काम आपले आहे.