सातबारा राहिला, शेत गेलं

(तालुका मेळाव्यात एका पाड्यातल्या तरुणांच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्यातले दोघे-तिघे बारावीपर्यंत शिकले, पण भाषण करायची सवय कुणालाच नाय. म्हणून जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगणार आहोत. आमच्या पाड्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, झिणी भाताची खाचरं होती. तिथे आज विटेच्या मातीची खाण आहे. ती खणताना आम्ही रोज बघत होतो.

सुरुवात मशीनने झाली नाय, कर्जाने झाली. मागच्या वर्षी दिवाळीनंतर झोडणी उरकली होती. आमच्या एका भावाच्या घरी आजारपण होतं, दवाखान्याचे पैसे अंगावर आले होते. मातीचा ठेकेदार त्याच्या अंगणात येऊन बसला. म्हणाला, "तुझं खाचर उंच आहे, पाणी चढत नाय. फूटभर माती काढून सपाट करून देतो, वर रोख पैसे देतो. जमीन तुझीच, सातबारा तुझाच." स्टँपपेपरवर अंगठा घेतला. कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाय.

त्या भावाला आम्ही नावं ठेवत नाय. त्याला गरज लागली तेव्हा पाडा त्याच्या दारात गेला नव्हता, ठेकेदार गेला होता.

पहिल्या दिवशी मशीनने बांध फोडला. पोरं बघायला जमली, आम्हीपण जमलो. खोटं कशाला बोलायचं, मजा वाटली. आमच्यातले काही जण डंपरवर हजेरीने गेले. पहिल्या आठवड्यात खड्डा गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग माणूस आत उभा राहिला तर बाहेरून दिसेना. वरची कसाची माती संपली आणि खाली चिकट माती लागली. ठेकेदार खूश झाला, कारण विटेला तीच पाहिजे. शेवटी मुरूम लागला तेव्हा मशीन शेजारच्या खाचराकडे वळलं.

माती आपणपण काढतो. कूड लिंपायला, चुलीला, कणगीला. पाटीभर काढतो आणि धरतरीला हात जोडून काढतो. त्याने शेत कधी संपलं नाय. हे वेगळं होतं.

शेजारच्या खाचराचा बांध फुटायची वेळ आली तेव्हा बाया पुढे झाल्या. होळीच्या आधीचे दिवस होते. त्या गाडीवाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "कागद दाखव." ड्रायव्हरने ५० ब्रासची पावती दाखवली. ब्रास म्हणजे काय हे आम्हाला माहीत नव्हतं. मास्तरांना विचारलं, मग दोरी घेऊन खड्डा मोजला. तो हिशोब सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. १०० घनफूट मातीचा एक ब्रास. एक गुंठा एक फूट खणला की जवळजवळ ११ ब्रास माती निघते. आमच्या भावाची खाचरं ५ गुंठ्यांची. फूटभर काढली असती तर साधारण ५४ ब्रास झाली असती. खड्डा भरला १० फूट खोल, म्हणजे ५४४ ब्रास. पावती ५० ची, भावाला पैसे फूटभराचे, आणि माती गेली दहा पट. सरकारचं स्वामित्वधन बुडालं ते वेगळंच.

आम्ही मोजमाप लिहून तहसील कचेरीत अर्ज दिला. दोन-तीन खेपा घातल्या तेव्हा पंचनामा झाला. मशीन गेलं. पण खड्डा तिथेच आहे.

यंदा पावसात काय झालं ते ऐका. वरच्या खाचरांत आवणीच्या वेळी पाणी थांबत नव्हतं, झिरपून खड्ड्यात जात होतं. आवण पिवळं पडलं. एक गोऱ्हा खड्ड्यात बुडाला. पोरांना राखायला एक माणूस रोज घरी बसवावा लागला. आणि दिवाळी झाल्यावर तोच भाऊ बायको-पोरांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. ज्याच्या शेताची वीट झाली, तोच दुसऱ्याच्या भट्टीवर बयाणा घेऊन विटा थापतो. त्याच्या सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव आहे. ५ गुंठे जसेच्या तसे लिहिलेत. त्यात आता पेरायचं काय?

ठेकेदार म्हणतो, "मी जमीन घेतली नाय, फक्त माती घेतली." बाया-बाप्यांनो, माती नसलेली जमीन कोणी बघितली आहे का? म्हणून आमचं म्हणणं आहे की हा जमीन हडपण्याचाच नवा प्रकार आहे. पूर्वी सावकार सातबारा न्यायचा आणि शेत राहायचं. आता सातबारा ठेवतात आणि शेत नेतात.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला, गहाण ठेवायला किंवा भाडेपट्ट्याने द्यायला कलेक्टरची परवानगी लागते. हे १९७४ पासून आहे. डिसेंबर १९९६ मध्ये दिल्लीत पेसा कायदा झाला. त्यात लिहिलंय की अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीच्या पंचायतीची शिफारस घेतलीच पाहिजे. विटेची माती हे गौण खनिज आहे. आणि त्याच कायद्याप्रमाणे आपल्या चालीरीतीने कारभार चालवणारा पाडासुद्धा गाव होऊ शकतो. ११ जुलै १९९७ ला सुप्रीम कोर्टाने समता संस्थेच्या खटल्यात निकाल दिला, की अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खाणीसाठी बिगर-आदिवासीला पट्ट्याने देता येत नाय. तो आंध्रच्या कायद्यावरचा निकाल आहे, पण आपल्याला बळ देणारा आहे.

पण कायदा स्वतःच्या पायांनी पाड्यात येत नाय. आमच्याकडे तो बाया गाडीवाटेवर बसल्या तेव्हा आला. पहिल्या दिवशी बसल्या असत्या तर खाचर वाचलं असतं. आम्ही चार महिने बघत राहिलो, ही आमची चूक. ती तुम्ही करू नका.

आता भात कापून झालं आहे. ठेकेदार पुन्हा फिरायला लागलाय. आमच्या पाड्याने तीन गोष्टी ठरवल्या आहेत. एक, मातीच्या कोणत्याही कागदावर एकट्याने अंगठा द्यायचा नाय. कागद पाड्याच्या बैठकीत आणायचा, मोठ्याने वाचायचा. दोन, मशीन आलं की त्याच दिवशी कागद मागायचा आणि ३३ फुटांची दोरी काढायची. ती दोरी आम्ही गावदेवाजवळ ठेवली आहे. तीन, घरटी दोन पायल्या भात बाजूला काढायचं. कुणाच्या घरी आजारपण आलं तर ठेकेदाराच्या आधी पाडा त्या दारात गेला पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आहे. यंदा भात कमी पिकलंय. तरी निम्म्याहून जास्त घरांनी दिलं. बाकीची देतील.

तुमच्या पाड्यातही बैठक घ्या. दोरी लागली तर आमच्याकडून मापून न्या.

जोहार. जिंदाबाद.