घरची बोली आणि शाळेचा तास

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागांत निमगाव सावा नांवाचें गांव आहे. सावा हें एका बारीक धान्याचेंही नांव. नाचणी-वरईच्या पंक्तीला बसणारें हें धान्य सह्याद्रीच्या उतारावरील लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या खाल्लें. आज कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनीं हा पूर्व भाग हिरवा केला आहे. येथें ऊस डोलतो. सावा न पाहिलेलें मूलही गांवाचें नांव सांगतांना तो शब्द उच्चारतें. वस्तु दृष्टीआड झाली तरी नांव टिकूं शकतें. परंतु याच्या उलटही घडतें, आणि तें अधिक दुःखद आहे. रान असतें, झाड असतें, आजीही घरांत असते. मात्र तिनें दिलेलें नांव नातवाच्या तोंडून गळून पडतें.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेस, घाटमाथ्याला लागून, महादेव कोळी, ठाकर व कातकरी हे समाज राहतात. हंगामांत त्यांतील अनेक कुटुंबें पूर्वेकडील बागाइती गांवांत मजुरीस उतरतात. त्यांच्या बोलींना कोणी 'अशुद्ध मराठी' म्हणून हिणवतात. हें अज्ञान होय. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 सालीं निघालेल्या सातव्या खंडांत ठाकरी व कातकरी यांची स्वतंत्र नोंद आहे. पुढें गणेश देवी यांच्या पुढाकारानें झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राविषयींचा खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखालीं 2013 सालीं प्रसिद्ध झाला. पंडितांच्या ग्रंथांत या बोलींना मान मिळाला. शाळेच्या वर्गांत मात्र तो अद्याप मिळावयाचा आहे.

लहान मूल निःशंकपणें घरच्या भाषेंत बोलतें. तेंच मूल तेरा-चौदा वर्षांचें होऊन हायस्कुलांत येतें, आश्रमशाळेंत किंवा मोठ्या गांवच्या वसतिगृहांत राहतें, आणि एखाद्या शब्दावर वर्ग हंसला कीं तो शब्द तें पुन्हा उच्चारीत नाहीं. शिक्षेनें जें होत नाहीं तें त्या हंसण्यानें होतें. राज्यघटनेचें कलम 350-अ मातृभाषेंतून शिक्षणाची सोय सुचवितें तें प्राथमिक अवस्थेपुरतें. 2020 चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पांचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतें. म्हणजे ज्या वयांत बोलीची लाज वाटूं लागते, नेमक्या त्याच वयांत तिचा आधार सुटतो.

शब्दांबरोबर काय जातें? भातरोपांसाठीं जमीन भाजण्याचा राब, खाचरांतील आवणी, कोंवळेपणींच तोडून वाळवावयाचा बाळहिरडा, या प्रत्येक शब्दांत एकेक विद्या आहे. कोणतें फळ केव्हां तोडावें, कोणत्या रानभाजीचा कोणता भाग खावा, हें त्या शब्दांबरोबरच शिकविलें जातें. आहुप्यासारख्या गांवची देवराई कोणा पहारेकऱ्यानें राखली नाहीं. ती श्रद्धेनें राखली. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनीं 1970 नंतरच्या दशकांत अशा देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हां या जुन्या शहाणपणाचें मोल विद्वानांनाही कळलें.

हें संकट एकट्या सह्याद्रीचें नव्हे. अलास्काच्या पश्चिमेस अल्यूत लोकांची बेटें आहेत. 1942 च्या जून महिन्यांत जपाननें तेथें हल्ला केल्यावर अमेरिकन सरकारनें सुमारें 880 अल्यूतांना दूरच्या छावण्यांत नेऊन ठेविलें. त्या छावण्यांत अनेक वृद्ध दगावले, आणि त्यांच्याबरोबर पुष्कळ ज्ञान गेलें. शाळांतून इंग्रजीचाच अंमल होता. तरीही उनालास्का गांवीं अँफेसिया शापस्निकॉफ नांवाच्या वृद्धेनें मुलांना गवताच्या बारीक टोपल्या विणावयास शिकविलें. पुढें तेथील हायस्कुलाच्या विद्यार्थ्यांनीं वृद्धांच्या आठवणी व कथा लिहून घेऊन 'कटलफिश' या नांवानें पुस्तिका छापल्या. भाषेचें संकट त्यामुळें टळलें नाहीं. अस्खलित बोलणारे आज थोडेच उरले आहेत. पण शिकणाऱ्या तरुणाला हातांत धरावयास कांहीं तरी मिळालें.

येथें आईबापांचा एक आक्षेप आहे आणि तो वाजवी आहे. "बोली घरीं येतेच; शाळेंत प्रमाण मराठी व इंग्रजी येऊं द्या, म्हणजे पोराला नोकरी मिळेल." यांतील एकही शब्द खोटा नाहीं. प्रमाण भाषेवांचून अर्ज लिहितां येत नाहीं, न्यायालयांत दाद मागतां येत नाहीं. परंतु एक भाषा शिकण्यासाठीं दुसरी टाकावी लागते हा समज मात्र खरा नव्हे. जुन्नर तालुक्यांतील निमगिरीचे डॉ. गोविंद गारे पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले आणि त्यांनीं आपल्या समाजाविषयीं विपुल ग्रंथलेखन केलें. घरच्या जगाची ओळख त्यांच्या विद्येला अडसर ठरली नाहीं. तीच त्यांची पुंजी होती.

हायस्कुलांत काय करतां येईल? स्नेहसंमेलनांत मुलांना पिसें लावून नाचविणें म्हणजे संस्कृतीचें शिक्षण नव्हे. आठवड्यास एक तास पुरे. मात्र त्या तासाला शिक्षकाच्या खुर्चीवर वाडींतील जाणती आजी किंवा वृद्ध शेतकरी बसावा, आणि त्यांना त्याचें मानधन मिळावें. विद्यार्थ्यांनीं वही घेऊन झाडांचीं, धान्यांचीं, पावसाचीं व नात्यांचीं नांवें टिपावीं. शेजारीं प्रमाण मराठी शब्द लिहावा. जी गोष्ट सांगणाऱ्याला बाहेर जावयास नको असेल ती लिहूं नये. ती वही शाळेच्या ग्रंथालयांत राहावी आणि पुढच्या वर्गानें तींत भर घालावी. पूर्वेकडील बागाइतदारांचीं मुलेंही त्याच बांकावर बसतील. आपल्या शेतांत कामाला येणारी बाई पन्नास रानभाज्या ओळखते हें त्यांना कळेल, आणि वर्गांतील हंसणें आपोआप थांबेल.

लाज गेली कीं भाषेला वाट मिळते. निमगाव साव्याच्या नांवांत एक धान्य आहे. तें कसें पेरीत, कसें सडीत आणि कसें रांधीत, हें सांगणारीं माणसें पश्चिमेच्या डोंगरांत अजून आहेत. तीं आहेत तोंवरच त्यांना विचारलें पाहिजे.