काकूंची वही आणि माझे ॲप



मी पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तयार करण्याचे काम करते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. आज मात्र नोकरीबद्दल नाही, नोकरीबाहेर केलेल्या एका कामाबद्दल बोलायचे आहे. आमच्यात त्याला साइड प्रोजेक्ट म्हणतात. त्याला पगार नाही, वर साहेब नाही. पहाटे उठून किंवा रविवारी, हौसेने करायचे. पण हौसेच्या कामाला कमी लेखू नका बरं का! १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने असेच हौसेने एक काम सुरू केले. त्याचे नाव लिनक्स. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात तेच आहे.

कॉलेजात असताना मला स्पर्धांचा नाद होता. आयसीपीसी नावाची एक मोठी स्पर्धा असते. तिघांचा संघ, तिघांत संगणक एकच, आणि वेळ पाच तास. गणितासारखे प्रश्न असतात, त्यांची उत्तरे काढणारा प्रोग्रॅम लिहायचा. चुकीचा प्रोग्रॅम पाठवला, तर पुढे तो प्रश्न सुटला तरी प्रत्येक चुकीमागे २० मिनिटांचा दंड. आम्ही तिघी मैत्रिणी होतो. पहिल्या वर्षी घाईघाईने टाइप करत सुटलो आणि दंडातच बुडालो. दुसऱ्या वर्षी ठरवले, आधी कागदावर सोडवायचे, मगच कीबोर्डला हात लावायचा. नंबर आला नाही, पण आधीपेक्षा बऱ्याच वर आलो. त्या स्पर्धांनी मला वेग दिला, आणि खरे सांगायचे तर थोडा गर्वही दिला.

आई गावातल्या बचत गटात आहे. गटाचा हिशेब सचिव काकू नऊ वर्षांपासून वहीत लिहितात. मी म्हटले, यांना एक ॲप करून देऊ. तीन रविवारांत झालेसुद्धा! काकूंनी फक्त ‘हप्ता आला’ हे बटण दाबायचे, व्याज ॲप काढणार. बायकांना कौतुक वाटले. मी पुण्याला परत आले.

तीन महिन्यांनी आईचा फोन आला. बैठकीत पेटी मोजली, तर ॲपमधल्या आकड्यापेक्षा १९ रुपये जास्त निघाले. रक्कम ती केवढी! पण कुणीतरी बोलले, “मोबाईल कसा चुकेल? काकूंनीच कुणाकडून तरी जास्त घेतले असतील.” काकू काही बोलल्या नाहीत. वही मिटून घरी गेल्या. आई म्हणाली, “पुढच्या बैठकीला त्या येतात की नाही, कुणास ठाऊक.”

मला झोप लागेना. शनिवारी गाव गाठले आणि काकूंच्या ओसरीवर बसले. एकीकडे वही, एकीकडे ॲप. ओळीमागून ओळ ताडून पाहिली. एका ताईंची बाकी होती २,१४० रुपये. महिना शेकडा २ प्रमाणे व्याज झाले ४२ रुपये ८० पैसे. ॲपने तेवढेच धरले होते. वहीत मात्र ४३. दुसऱ्या एका ओळीत ॲपमध्ये ३१ रुपये २० पैसे, वहीत ३२. मी विचारले, “काकू, हे असे का?”

त्या म्हणाल्या, “अगं, सुटे पैसे कोण आणतंय? वर पैसे आले की पुढचा रुपया धरायचा, असं पहिल्याच बैठकीत ठरलंय. जास्तीचे गटालाच राहतात.”

चौदा जणींची कर्जे, तीन महिने, म्हणजे ४२ नोंदी. प्रत्येकीतले थोडे थोडे पैसे जमून १९ रुपये झाले होते. काकूंचा हिशेब पैचाही चुकला नव्हता. चुकले होते माझे ॲप. नियम इतका सवयीचा होता की तो सांगावा असे काकूंना वाटले नाही, आणि विचारावा असे मला सुचले नाही. स्पर्धेत सगळे नियम प्रश्नातच लिहिलेले असतात. इथे तो नियम नऊ वर्षे काकूंच्या हातात होता, आणि नंतर गटात आलेल्या बायकांनाही ठाऊक नव्हता.

पुढच्या बैठकीला मी मुद्दाम थांबले. काकूंना हाताला धरून घेऊन गेले. सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, “चूक माझी आहे. वही बरोबर आहे.” मोठमोठ्या बक्षीस समारंभांत बोलायला मला कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी मात्र आवाज कापत होता. तो नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि ॲपमध्येही घातला. सहा महिने वही आणि ॲप दोन्ही चालवायचे, असेही ठरले.

आणखी एक धडा मिळाला. हप्ता मिळाल्याचा एसएमएस मी मराठीत पाठवत होते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत जेमतेम ७०, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात. माझ्या एका लांबलचक निरोपाचे तीन एसएमएस होत होते. आईने तो कापून दिला, “हप्ता ३०० मिळाला. बाकी १८४०.” बस्स, एवढेच हवे होते.

ऐकणाऱ्या मुलींपैकी कुणी संगणक शिकत असेल, तर तिला सांगते. स्पर्धा जरूर कर, त्यात हात बसतो. पण एखादे काम आपल्या माणसांसाठीही कर. सुरू करण्याआधी ज्यांच्या हातात वही आहे, त्यांच्याजवळ एक पूर्ण दिवस बस. आणि मैत्रिणींनो, तुमच्या गटात मोबाईलचा आणि वहीचा आकडा जुळला नाही, तर आधी माणसावर शंका घेऊ नका. मोबाईललाही कुणीतरी माझ्यासारखीनेच शिकवलेले असते.