फोनात काय हवेच, काय असले तर बरे

बैलगाडी घ्यायला निघालेल्या माणसाला काय पाहावे हे कोणी शिकवावे लागत नाही. चाके, आस, जू या गोष्टी तो हात लावून, ठोकून पाहतो. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला जी बोटाएवढी खीळ असते, तीसुद्धा तो पाहतो. रंग आणि घुंगुरमाळा यांचा विचार मागाहून. पण तोच माणूस कराडच्या किंवा मिरजेच्या बाजारात फोन घ्यायला गेला, म्हणजे काय विचारतो? कॅमेरा केवढा, रंग कोणता, आणि हप्ता किती! खिळीची चौकशी कोणी करीत नाही. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते फोनातल्या या खिळीविषयी. फोनात कोणत्या सोयी असल्याच पाहिजेत, कोणत्या ऐच्छिक आहेत, आणि हे ठरवते कोण?

प्रथम एक गंमत लक्षात घ्या. फोन एका कारखान्याचा, सिमकार्ड दुसऱ्या कंपनीचे, डोंगरावरचा टॉवर तिसऱ्याच्या मालकीचा. तरी वाईत घेतलेला फोन दिल्लीत बोलतो. हे कसे साधते? तर सगळ्यांनी मिळून एक करारनामा मानला आहे म्हणून. युरोपातल्या अभियंत्यांनी १९८२ पासून खपून हा करार लिहिला. त्याला जी-एस-एम असे नाव पडले. या पद्धतीवरचा पहिला फोन १९९१ साली फिनलंडमध्ये झाला. आपल्या देशात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसू यांनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलून सुरुवात केली.

त्या करारात फोनच्या अंगी असायच्या गुणांची एक यादीच आहे. प्रत्येक गुणापुढे लिहिलेले आहे, हा सक्तीचा, हा ऐच्छिक. आता ऐका, त्यात ऐच्छिक काय आहे ते! बटणांची पट्टी ऐच्छिक. आकडा घालण्याचे दुसरे काही साधन असले तरी चालेल. चालू-बंद करण्याचे बटणसुद्धा ऐच्छिक. उलट सक्तीचे काय? सिमकार्ड ओळखणे. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा वेगळा क्रमांक असणे. बटण दाबताच विशिष्ट सूर पलीकडे पोहोचवणे. "मराठीसाठी एक दाबा" असे जे यंत्र आपल्याला सांगते ना, त्याला आपला 'एक' कळतो तो या सुरामुळे. आणि सर्वांत महत्त्वाची सक्ती म्हणजे संकटकाळचा फोन लावता येणे.

या शेवटच्या गोष्टीपाशी थोडे थांबू या. कोयनेच्या खोऱ्यात किंवा महाबळेश्वरच्या घाटात आपल्या फोनची रेंज जाते. पडद्यावर अक्षरे येतात, 'फक्त आपत्कालीन कॉल'. आपण म्हणतो, "गेली रेंज," आणि फोन खिशात टाकतो. पण बाबांनो, ती अक्षरे काहीतरी सांगताहेत! तुमच्या कंपनीचा टॉवर इथे नाही, पण दुसऱ्या एखाद्या कंपनीचा आहे, आणि संकटाच्या फोनापुरता तो तुम्हांला वाट देईल, असा त्यांचा अर्थ. अशा वेळी ११२ हा क्रमांक लावून पाहावा. पोलीस, अग्निशामक दल, रुग्णवाहिका या सर्वांसाठी तो एकच क्रमांक आहे. पडदा कुलूपबंद असला तरी हा फोन लावता येतो. सिमकार्ड नसले तरी फोनने तसा प्रयत्न केला पाहिजे, असे करारात आहे. मात्र बिनसिमचा फोन स्वीकारायचा की नाही हे त्या त्या देशाचे नियम आणि जाळे ठरवते. म्हणून त्यावर विसंबून सिमकार्ड काढून ठेवू नये. आणि पडद्यावर 'सेवा नाही' असे असेल, तर मात्र उंचावर चढण्यावाचून गत्यंतर नाही.

फोन लागला, की आधी गावाचे नाव, मग तालुका, मग जवळची खूण सांगावी. फोन आपोआप ठिकाण सांगेल असे गृहीत धरू नये. टॉवर कोणत्या टापूत आहे एवढेच कधी कधी पलीकडे कळते; आणि एका टापूत दहा वाड्या असतात.

आता यंत्राच्या क्रमांकाविषयी. हा पंधरा आकडी असतो. त्याला आय-एम-ई-आय म्हणतात. हा क्रमांक नसलेले फोन आपल्या देशात २००९ च्या नोव्हेंबरनंतर बंद करण्यात आले. तुमच्या फोनवर तारेचे चिन्ह, जाळीचे चिन्ह, शून्य, सहा आणि पुन्हा जाळीचे चिन्ह दाबा. क्रमांक समोर येईल. दोन सिमकार्डांच्या फोनात असे दोन क्रमांक दिसतात, म्हणून गोंधळू नका. तो वहीत, रेशनकार्डाशेजारी लिहून ठेवा. फोन यात्रेत हरवला, तर पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि 'संचार साथी' या सरकारी सेवेकडून त्या क्रमांकाचे यंत्र सगळ्या जाळ्यांत बंद करून घ्यावे. जुना फोन विकत घेताना तर हे पाहाच. के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग थोडी जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा संदेश १४४२२ वर धाडला की यंत्राची माहिती मिळते. बैलाचे दात बघितल्याशिवाय दावे हातात घेत नाही ना आपण? तसेच हे.

काही गोष्टी आपल्या सरकारने आपल्यापुरत्या सक्तीच्या केल्या. एक म्हणजे संकटाचे बटण. २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून असे बटण नसलेला फोन विकता येत नाही. साध्या फोनात पाच किंवा नऊ हे बटण दाबून धरायचे. स्मार्टफोनात चालू-बंदचे बटण भराभर तीनदा दाबायचे. काही फोनांत ही रीत थोडी निराळी असते. तेव्हा दुकानदाराकडूनच आपल्या फोनची रीत विचारून घ्यावी. माहेरी एकटी एस.टी.ने जाणारी लेक, मळ्यात एकटे राहणारे आजोबा, यांना ती आधीच ठाऊक असली पाहिजे. ऐन वेळी शिकण्याची ही गोष्ट नव्हे.

दुसरी गोष्ट भाषेची. भारतीय मानक ब्यूरोने २०१६ साली ठरवले, की फोनवर देशातल्या बावीसही मान्य भाषांतला मजकूर वाचता आला पाहिजे. लिहिण्याची सोय मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भाषेची असली म्हणजे पुरे. गुरुजी आणि बाई, यातली मेख आपल्या ध्यानात आली असेल. मराठी वाचता येणे सक्तीचे. मराठी लिहिता येणे मात्र ती 'आणखी एक' भाषा कोणती यावर अवलंबून! म्हणून दुकानातच 'कृष्णा', 'ज्ञानेश्वर' असे दोन जोडाक्षरी शब्द लिहून पाहावेत. आणखी एक माहिती वर्गात सांगण्याजोगी आहे. साध्या संदेशात रोमन अक्षरे १६० मावतात, पण देवनागरी ७० च. आणि त्यात काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते. मुलांना थोडक्यात नेमके लिहायला शिकवण्यास याहून चांगला धडा कोणता?

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पूर्वी गावात कोतवाल हलगी वाजवून दवंडी पिटत असे. "ऐका हो ऐका!" दवंडीला पत्ता लागत नाही, वेशीच्या आत जो असेल त्याला ती ऐकू येते. नेहमीचा संदेश म्हणजे टपाल. एकेकाच्या नावावर जाणारा. लाख लोकांना तो धाडायचा म्हणजे लाख चिठ्ठ्या, आणि गर्दी झाली की त्या अडकून पडतात. म्हणून टॉवरवरून दवंडी पिटण्याची एक सोय आहे. टॉवरच्या टापूतल्या सगळ्या चालू फोनांवर एकाच वेळी इशारा येतो, मोठा कर्कश आवाज करतो. तुमचा नंबर कोणालाही ठाऊक असावा लागत नाही. २०२३ साली महाराष्ट्रातही अशा चाचणीचे इशारे आले, तेव्हा पुष्कळजण दचकले होते. त्याच वर्षीच्या नियमांनी नव्या फोनात ही सोय आवश्यक ठरवली.

ही सोय का हवी, हे सांगली-साताऱ्याला सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ब्रह्मनाळला बाहेर पडणाऱ्या लोकांची नाव उलटली आणि जीव गेले. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. इशारा चार तास आधी मिळणे आणि चार तास उशिरा मिळणे, यांत काय अंतर असते ते या गावांना विचारावे. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशारे बंद करून ठेवलेले नाहीत ना, हे आज पाहून घ्या. आवाज नकोसा वाटतो म्हणून पुष्कळ जण ते बंद करून टाकतात.

आता ऐच्छिक सोयींकडे वळू. ऐच्छिक म्हणजे बिनकामाच्या असे मात्र नव्हे. २०१६ साली जिओचे जाळे सुरू झाले ते केवळ फोर-जीचे. त्यावर बोलायचे तर फोर-जीवरून आवाज नेण्याची 'व्होल्टे' ही सोय फोनात हवीच. नाही तर रेंज पूर्ण, पण बोलणे नाही! म्हणजे पुस्तकात ऐच्छिक असलेली गोष्ट आपल्या टॉवरखाली सक्तीची होऊन बसते. म्हणून आपल्या वाडीत कोणत्या कंपनीचा टॉवर आहे हे आधी पाहावे, आणि फोन मागाहून.

विजेरीचेच पाहा. कोणत्याही करारात विजेरी सक्तीची नाही. पण ज्याच्या पंपाला वीज रात्रपाळीची येते, तो उसाच्या सरीत पाय टाकण्यापूर्वी विजेरीच लावतो. त्याच्या लेखी कॅमेरा ऐच्छिक आणि विजेरी सक्तीची. आजीच्या फोनात मोठे आकडे सक्तीचे, कमी ऐकू येणाऱ्याला मोठी घंटा सक्तीची.

आणि रेडिओ! आकाशवाणीवरून बोलतो म्हणून हा घरचीच तरफदारी करतो असे समजू नका. महापुरात वीज जाते, टॉवरची बॅटरी उतरते, डिझेल पोहोचत नाही, आणि मग महागडा फोनही मुका होतो. पण दूरच्या केंद्रावरून येणाऱ्या रेडिओला गावातला टॉवर लागत नाही. २०२३ साली केंद्र सरकारनेही फोन बनवणाऱ्यांना कळवले, की फोनातली एफ-एम रेडिओची सोय बंद करू नका. हा सल्ला होता, सक्ती नव्हे. म्हणून काही फोनांत रेडिओ आहे, काहींत नाही. पुष्कळ फोनांत कानात घालायच्या वायरीचाच एरियल होतो. ती वायर जपून ठेवावी.

सक्ती कोण करते आणि ती मान्य का करायची, हाही प्रश्न आपण विचारला पाहिजे. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दूरसंचार विभागाने आदेश काढला, की 'संचार साथी'चे अॅप प्रत्येक नव्या फोनात आधीच घालून द्यावे. सेवा उपयोगाची, पण माझ्या खिशातल्या यंत्रात मला न विचारता काय ठेवावे, असा वाद लोकांनी घातला, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती सक्ती मागे घेतली गेली. सेवा राहिली, ती ऐच्छिक झाली. यातून एवढेच घ्यायचे, की यादी माणसे करतात आणि माणसांनी बोलले तर ती बदलते.

तेव्हा मंडळी, सक्तीच्या सोयींचे पैसे आपण फोनच्या किमतीत कधीच मोजले आहेत. त्या वापरायला शिकू या. आणि ऐच्छिक सोयी दुकानदाराला ठरवू देऊ नका. शिक्षकांनी वर्गात फळ्यावर दोन रकाने आखावेत, 'हवेच' आणि 'असले तर बरे'. मग मुलांना आपापल्या घरासाठी ते भरायला सांगावेत. नदीकाठच्या पोराची यादी आणि जत-आटपाडीच्या माळावरच्या पोराची यादी सारखी येणार नाही. ती तशी येऊही नये. ज्याने त्याने आपली वाट पाहून आपली खीळ ओळखावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.