नवी पेटी घेण्यापूर्वी

कापूस विकला, हातात चार पैसे आले, की भजनी मंडळात विषय निघतोच : पेटी जुनी झाली, यंदा नवी घेऊ. घ्या की! पण वर्गणी घामाची असते; म्हणून जरा थांबा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हाती काय होते? एक खंजिरी. तिच्यावर त्यांनी गावेच्या गावे जागी केली.

पेटीचे सूर ठरलेले. तिच्यावर मींड घेता येत नाही. अशाच कारणांनी १९४० साली नभोवाणीने तिला दार लावले, ते १९७१ च्या सुमारास किलकिले झाले. भजनातून मात्र ती गेली नाही. का? नवख्या गळ्याला ती सूर धरून देते.

तेव्हा जुन्या पेटीची आधी परीक्षा करा. एकही पट्टी न दाबता भाता भरा. तो लगेच बसला, तर कुठेतरी हवा गळते. एखादा सूर मुका झाला, तर आत धूळ अडकलेली असू शकते. दोन्ही दोष कारागीर दुरुस्त करतो. आपण मात्र आतल्या पितळी पत्त्या घासू नयेत; सूर बिघडतो. पावसाळ्यात पेटी ओलीपासून आणि उंदरांपासून जपावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, एक विनंती. मुलांना मोठ्यांच्या पट्टीत ओढू नका. आधी त्यांना मोकळे गाऊ द्या, मग ती पट्टी पेटीवर शोधा. गळा पेटीसाठी नाही, पेटी गळ्यासाठी आहे. हे ज्या मंडळाला उमगले, त्याची जुनी पेटीही गोड वाजते.