घरच्या संगणकाचा पहारेकरी

१९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या संरक्षक प्रणालीची एक सदोष फाईल जगभर धाडली गेली आणि सुमारें ८५ लक्ष विंडोज-संगणक निळा पडदा दाखवून ठप्प झाले. विमानें खोळंबलीं, रुग्णालयांचें काम अडलें. चोरानें नव्हे, पहारेकऱ्यानेंच दार लावून घेतलें होतें! तीं यंत्रें बहुधा कचेऱ्यांतलीं. परंतु घरच्या संगणकासही हाच न्याय लागू आहे. अँटीव्हायरस देवडीवर बसत नाहीं. त्याचे ड्रायव्हर यंत्रणेच्या थेट गाभाऱ्यांत वावरतात. म्हणून तो बिघडला असतां त्याचें फोल्डर तेवढें पुसून टाकणें, हा उतावळ्या गृहस्थांचा आवडता उपाय, घोटाळा वाढवितो.

प्रथम कागदपत्रें व छायाचित्रें निराळ्या डिस्कवर उतरून घ्यावींत. डिस्क बिटलॉकरनें कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून ठेवावी. दुरुस्तीच्या वेळीं यंत्र तीच मागतें, आणि ती नसली तर आंतील मजकूर गेलाच म्हणावयाचा. २०२४ सालीं कित्येक कचेऱ्या ह्या किल्लीपायींच अडून बसल्या होत्या.

नंतर सेटिंग्जमधून प्रणाली रीतसर काढावी. ती हटून बसली, तर संगणक सेफ मोडमध्यें सुरू करावा. तेथें मोजकेच ड्रायव्हर जागे असतात. अशा वेळीं उत्पादकानें पुरविलेलें काढणीचें साधन बहुधा आपलें काम पुरें करतें. परक्या पहारेकऱ्याच्या आगमनानें बाजूस झालेला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर, यंत्र पुनः सुरू केल्यावर, आपण होऊन कामावर येतो. तो खरोखर रुजू झाला कीं नाहीं, हें मात्र ‘विंडोज सिक्युरिटी’त पाहून घ्यावें.